दुसरा आवाज

“कॅमेरा फिरवा. अजून. तो पलंगावर कोण आहे?”

लॅपटॉपमधून आवाज असा आला, जणू पलंगावर चोरीचा मालच सापडलाय. ऑनलाइन परीक्षेच्या पर्यवेक्षकाचा चेहरा दिसत नव्हता. त्याला मात्र सगळं दिसत होतं. तिचं टेबल, भिंत, औषधांच्या बाटल्या आणि उशीला टेकवून बसवलेले बाबा.

“माझे वडील आहेत, सर. अर्धांगवायू आहे. त्यांना हलवता येत नाही आणि नेट याच खोलीत येतं. मी आधीच कळवलं होतं.”

“खोलीत दुसरी व्यक्ती चालत नाही.”

“त्यांना बोलता येत नाही, सर. झटका आल्यापासून तोंडातून एक शब्द नाही.”

“हे खोटं निघालं तर पेपर रद्द. आणि प्रवेशसुद्धा. कबूल?”

“कबूल,” ती दात आवळून म्हणाली.

व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला तिला प्रवेश मिळाला होता, पण अटीवर. ज्यांनी जन्मात कधी हिशेब लिहिला नाही, त्यांनी आधी हिशेबाचा हा ऑनलाइन कोर्स पास करायचा. एकदा ती आपटली होती. आज शेवटची संधी. घरात आणखी कोणी नको म्हणून आईलाही बाहेर काढावं लागलं होतं. बिचारी खाली खिडकीसमोरच्या बाकावर जाऊन बसली होती.

आणि विषय तरी कुठला यावा नशिबी? बाबांचा! जन्मभर त्यांनी लोकांचे हिशेब लिहिले. लहानपणी तिला शिकवायला बसले की घटकाभरात ओरडायचे, “दगड आहेस, दगड!” ती इतिहास घेऊन पदवीला गेली तेव्हा म्हणाले, “जा, मेलेल्या राजांकडून पगार घे.” तेव्हापासून बापलेकीतून विस्तव जात नव्हता. मग झटका आला आणि बाबांची वाचाच गेली. खरं सांगायचं तर पहिले काही दिवस तिला बरंच वाटलं होतं. आई मात्र रोज सकाळी त्यांचं तोंड पुसताना म्हणायची, “एक शब्द बोला हो. शिवी दिलीत तरी चालेल.”

कोर्स सुरू झाल्यापासून बाबा नुसते तिच्याकडे बघत राहायचे. आलीस ना शेवटी माझ्याच दारात, असं ते डोळे म्हणतायत असं तिला वाटायचं आणि तळपायाची आग मस्तकात जायची.

पेपर सुरू झाला. पुटपुटल्याशिवाय तिला आकडे कळायचेच नाहीत. त्याचीही चोरी.

“ओठ हलवू नका. डावीकडे काय बघताय?”

“घाम पुसतेय, सर.”

“बघितलं मी. नोंद केलीय.”

मेल्याला दुसरा उद्योग नाही, ती मनात म्हणाली. तरी गाडी बरी चालली होती. बहुतेक उत्तरं बरोबर आहेत अशी तिला खात्री वाटत होती. शेवटचा प्रश्न आला. दुकानदाराने रोखीने माल विकला, नोंद करा. पडद्यावर दोन रकाने होते, नावे आणि जमा. रोख कुठल्या रकान्यात टाकायची? बाबा यावर काहीतरी घोकून घ्यायचे. येतं ते… पुढे काय? तिने ते कधी धड ऐकलंच नव्हतं. बरं, बँकेत पैसे आले की मोबाइलवर काय येतं? जमा झाले. मग सोपं आहे की.

“रोख आली,” ती पुटपुटली. “आली म्हणजे जमा.”

“नावे!”

आवाज घोगरा होता, घशात अडकून फाटत निघालेला. “नावे… दगड!”

ती गर्रकन वळली. बाबांचा चेहरा लालबुंद झाला होता. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती आणि डोळे नुसते आग ओकत होते. अगदी पूर्वीसारखे.

“बाबा? परत म्हणा. बाबा, काय म्हणालात?”

ओठ थरथरले. नुसती हवा बाहेर आली.

“खोलीत दुसरा आवाज!” पर्यवेक्षक कडाडला. “उत्तर सांगितलं तुम्हाला. आणि म्हणे बोलता येत नाही! आम्हाला काय खुळे समजलात?”

ती अजून बाबांच्याच तोंडाकडे बघत होती. पलीकडून वैतागलेला सुस्कारा ऐकू आला.

“हे बघा, मला अहवाल लिहीत बसायची हौस नाही. अजून ढीगभर पोरं आहेत माझ्या डोक्यावर. रस्त्यावरून कोणीतरी ओरडलं म्हणा. रेकॉर्डिंगमधला तेवढा तुकडा पुसून टाकतो. हा प्रश्न सोडा आणि पेपर पाठवा, बाकीच्यावर पास व्हाल. बोला लवकर. कोण होतं?”

एवढंच तर म्हणायचं होतं. एक थाप, की प्रवेश पक्का. तिने बाबांकडे पाहिलं. ते दमून डोळे मिटून पडले होते. पुन्हा बोलतील की नाही, देव जाणे. खिडकीतून खाली आई दिसत होती, पदराने वारा घेत वर बघत बसलेली.

“माझे वडील बोलले,” ती म्हणाली.

“म्हणजे पेपर रद्द. कळतंय ना काय बोलताय ते?”

“करा रद्द, सर. फक्त तो तुकडा पुसू नका. आई खाली बसलीय, तिला ऐकवायचाय.”