वाटीचा फोटो

धारूरमध्ये गुडघ्याचा एक्स-रे काढावा तर वनमालाबाईंनीच, असं खुद्द वनमालाबाईंचं मत होतं. पेशंटला उभं करून, अंगाचा सगळा भार पायावर टाकून त्या फोटो घेत; आणि एकदा काढलेला पुन्हा काढत नसत.

आज मशीनसमोर विठ्ठलराव पुढारी उभे होते. अर्धा तालुका त्यांच्या पाया पडायचा. उठताना गुडघा कुणीतरी धरून ठेवतं, एवढीच त्यांची तक्रार होती.

फोटोत गुडघ्याभोवती बोटांची हाडं घट्ट आवळलेली दिसली.

"साहेब, हात काढा गुडघ्यावरून!" बाई चिडल्या. आता दुसऱ्यांदा फोटो काढणं आलं.

"दोनी हात कठड्यावर हायेत की, बाई!"

बाईंनी त्यांना बसवलं आणि गुडघा वाकवून वाटीचा खास फोटो घेतला. असा बीडमध्येही निघत नाही. बोटांचं पेर न् पेर स्वच्छ आलं होतं, मनगटातल्या काचेच्या बांगड्यासुद्धा. बाईंनी अभिमानानं स्क्रीन त्यांच्याकडे वळवला.

विठ्ठलराव ऐटीत हसले. "पाया पडाया लई येत्यात. ऱ्हायली आसंल एखादी."

"झालं साहेब, उठा आता."

विठ्ठलराव हसतच राहिले, पण जागचे हलले नाहीत.

"बाई," ते हळूच म्हणाले, "ती उठू देईना."