पाण्याची घोडी

आपली घोडी कोणीतरी चोरून चालवतंय, याबद्दल सहदेवच्या मनात आता तिळमात्र शंका नव्हती. म्हणून तो उजाडल्या उजाडल्या आरे कॉलनीच्या रस्त्यावर, मोरीजवळच्या बसथांब्याआड बांबू घेऊन उभा होता.

पुरावे होतेच. दिंडोशीला दारात बांधलेल्या घोडीच्या खुरांना रोज सकाळी आरेतली तांबडी माती लागलेली असायची. दाव्याची गाठ त्याने मारलेली नसायची. आणि त्यात मुलुंडचा चंद्रप्रकाश बँडवाला तिला विकत घ्यायला निघाला होता. वरातीत जी घोडी नवरदेवाची हाडं खिळखिळी करते आणि फेटा नाकावर आणते, ती त्याला हवी कशाला? म्हणे, "असेल तशी घेतो." असेल तसा तर माणूस नारळही घेत नाही, कानाशी नेऊन हलवून बघतो.

घोडी घेताना विकणाऱ्याने छातीठोक सांगितलं होतं की हिच्या रक्तात रेवाल आहे. रेवाल म्हणजे अशी सपाट, झपाझप चाल की स्वाराच्या हातातलं पाणी हलू नये. सहदेवने वर्षभर लगाम खेचून, टाचा मारून ती चाल शोधली. मिळाली फक्त दुडकी, तीही कमरेचा काटा ढिला करणारी. आपल्याला फसवलं, असं ठरवून तो मोकळा झाला. आज दुपारी घोडी जाणार होती.

टापा ऐकू आल्या. चारही सुट्या, पण एका लयीत.

वळणावरून पांढरी घोडी आली आणि सहदेवने उगारलेला बांबू तसाच राहिला. पाठीवर त्याची बायको होती, सुगंधा. खोगिराऐवजी गोणपाट, दोन्ही पाय एका बाजूला, मांडीवर काठोकाठ भरलेला हंडा. लगाम घोडीच्या मानेवर नुसता पडलेला. घोडी झपाझप येत होती आणि तिची पाठ हलत नव्हती. सहदेवने आधी रस्ता बघितला. एक थेंब नव्हता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे तर हंडा बायकोच्या मांडीवर होता. पण सहदेवच्या मनात पाल चुकचुकली ती वेगळीच: ही चंद्रप्रकाशला सामील आहे.

"खयसून इलंस?" तो आडवा आला.

सुगंधा दचकली, पण हंडा नाही. तिने घोडी मोरीच्या कठड्याला लावली, हंडा कठड्यावर ठेवला आणि मग उतरली.

"पाणी हाडतंय. आपल्या नळाक पाणी खय हा? हय गोठ्याच्या नळार मिळता."

"वरातीची घोडी ती. ओझा घालू नको म्हणान सांगितलंय मा तुका?"

"म्हणान तर लपान."

"आणि ही चाल? ती कोणी शिकवल्यान? चंद्रप्रकाशान?"

सुगंधाने त्याच्याकडे अशी नजर टाकली की बांबू आपोआप खाली आला.

"पयल्यांदा अर्धो हंडो माझ्याच लुगड्यार पडलो," ती म्हणाली. "मगे धावाक लागली की धावाक दिलंय नाय. निसती भराभर चालवलंय. पाणी सांडला की थांबवलंय. तिचा तिकाच गावला."

"माका सांगूक काय झाला?"

"सांगितला तर तुमका खरा वाटला असता?"

सुगंधाने घोडीच्या मानेवर हात ठेवला आणि पदराने डोळे टिपले. "दुपारी न्हेतले तिका. म्हटलंय, शेवटचा पाणी हाडूया."

तेवढ्यात पवईच्या बाजूने स्कूटर आली. चंद्रप्रकाश. दुपारचा माणूस सकाळीच हजर. घोडी बघून त्याचे डोळे लकाकले.

"काय सहदेवशेठ, इथेच भेटली! वहिनी पण? म्हटलं, नेण्याआधी एकदा चालवून बघू. परवा इथनंच जात होतो ना, धुक्यात एक पांढरी घोडी बघितली. काय चाल, यार! मख्खन! तेव्हाच वाटलं, तुझीच असणार."

तर असं होतं. सुगंधाने पदर तोंडाला लावला. घोडीकडे नाही, ती नवऱ्याकडे बघत होती.

"मीच दाखवतंय," सहदेव म्हणाला.

तो घोडीवर चढला, दोन्ही हातांनी लगाम आवळला आणि टाच मारली. घोडीने मान वर टाकली, पाठ ताठ केली आणि दुडकी धरली. सहदेव वळणापर्यंत आपटत गेला आणि आपटत आला. टोपी वाटेतच पडली. उतरला तेव्हा त्याला दोन्ही हात कमरेवर ठेवावे लागले.

चंद्रप्रकाशचा चेहरा पडला होता. "ही नाही रे ती."

"नाय, ती ही नव्हे."

"मग ती कोणाची?"

"आता माका काय ठाऊक? तू म्हटलंस, असेल तशी घेतो. न्हे की मगे."

"वाट लावायची काय माझी? ठेव तूच." चंद्रप्रकाशने किक मारली. जाताना त्याने एकदा संशयाने मागे वळून बघितलं, कठड्यावरच्या हंड्याकडे. पण हंड्यावरून घोडीचा अंदाज बांधणारा माणूस तो नव्हता.

स्कूटर दिसेनाशी झाल्यावर सुगंधा पहिल्यांदा हसली. डोळे अजून ओले होते.

"लगाम मुद्दाम आवळल्यात मा?"

सहदेवने रस्त्यावरची टोपी उचलली, झटकली.

"चढताना मुद्दामच आवळतलंय म्हणान ठरवललंय," तो म्हणाला. "पण मी रोज तसोच धरतंय गो."

सुगंधा पुन्हा घोडीवर बसली आणि त्याने हंडा उचलून तिच्या मांडीवर दिला. लगामाला हात लावला नाही. घोडी निघाली आणि तो मागून चालू लागला, सवयीने, रस्त्यावर थेंब शोधत. घर आलं तरी एकही सापडला नाही.