निळं पिंप

“पाहुणे आले की उभं राहायचं असतं, बाई,” संशोधक म्हणाला.

टाकीवाली उठली. गावचं पाणी गाळणाऱ्या वाळूच्या टाकीशेजारी एका निळ्या पिंपावर गोणपाट टाकून ती दिवसभर बसलेली असायची. तिला पगार मिळतो तो या बसण्याचाच, असं त्याचं ठाम मत होतं.

कमिटीचे तिघे आत आले. आज त्यांनी मान डोलावली की बारा गावांच्या पाण्यात त्याचेच जिवाणू जाणार होते, आणि बाराही ठिकाणी प्रमुख तोच. पंधरा वर्षं प्रयोगशाळेत घासली होती ती याच दिवसासाठी.

“या गावच्या पाण्यात मँगनीज होतं,” तो सांगू लागला. “कपडे काळे, भांडी काळी. माझे जिवाणू या वाळूत राहतात आणि मँगनीज धरून ठेवतात. दीड वर्षापूर्वी त्यांचं एक पिंप ओतलं. आता रिपोर्ट बघा.”

रिपोर्ट दृष्ट लागण्यासारखा होता. अध्यक्षांनी तो दोनदा वाचला.

“पिंप तुम्ही स्वतः ओतलंत?”

“छे. मला गाडी गाठायची होती. ओतायला काय अक्कल लागते? या बाईंना सांगून गेलो. दुसऱ्या दिवशी फोन केला, तर म्हणाल्या, झालं काम.” तो हसला. “बाकी यांच्या अकलेचं विचारूच नका. मी निघायच्या आधी जुन्या विहिरीच्या पाइपातला काळा, बुळबुळीत गाळ बादलीभर घेऊन आल्या. म्हणे, त्या पाइपातून पाणी नितळ येतं, हाच टाकीत घालून बघू या. गाढवाला गुळाची चव काय! म्हटलं, आधी ती घाण माझ्या नजरेसमोरून हलवा.”

तिघेही हसले. टाकीवाली पदराने हात पुसत राहिली.

“पिंप चार दिवस उन्हात पडलं होतं, तेही सांगितलं होतं साहेबांना,” ती म्हणाली.

“ऐका. आता जिवाणूंना काय बाधतं, ते मी यांच्याकडून शिकायचं.”

अध्यक्षांनी खिशातून पेन काढलं. “बाराही गावांची सही आजच करून टाकतो.”

संशोधकाचा ऊर भरून आला. “मग एक फोटो होऊ द्या. त्या पिंपासोबत. अहो बाई, सरका. इतक्या मोलाच्या वस्तूचं तुम्ही स्टूल केलंत.”

“राहू द्या, साहेब. तुम्हाला नाही उचलायचं.”

“रिकामं पिंप उचलायला पैलवान लागत नाही.”

त्याने गोणपाट ओढून भिरकावलं आणि एका हाताने पिंप उचलायला गेला. ते जागचं हललं नाही. झाकणावर त्याच्याच सहीचं कागदी सील होतं. दीड वर्षाच्या बसण्याने जरा मळलेलं, पण कुठेही फाटलेलं नाही.