पायाला घट्ट

"आपा, हे बघ की! कसं बसलंय!"

मुबशिरानं पाय वर केला. पायात पोहताना घालायचे पिवळेधमक फिन, बदकाच्या पंज्यासारखे पसरट. कोल्हापुरातल्या एका खेळाच्या सामानाच्या दुकानात, टांगलेल्या बॅटींखाली स्टुलावर बसून ती पाय हलवून बघत होती. थोरल्या सलमानं नुसती मान डोलावली. जे घालेल ते या पोरीला शोभायचं, हे तर सलमाचं जुनंच दुखणं होतं.

दुपारच्या एसटीनं मुबशिरा मालवणला निघणार होती. अंगात रबरी सूट, पाठीवर हवेची टाकी, असं समुद्राच्या तळाशी उतरायचं शिक्षण. त्यात पास झाली की तिथंच नोकरी, पर्यटकांना पाण्याखाली फिरवून आणायची. हुपरीत घरात बसून पैंजणांच्या कड्या जोडायच्या सुटल्या एकदाच्या. तिला विहिरीत पोहायला शिकवलं ते सलमानं. पुढं सलमाच्या कानाच्या पडद्याला भोक पडलं, डॉक्टरांनी पाणी कायमचं बंद केलं, आणि धाकटी बहीण पोहत पोहत पार समुद्रापर्यंत गेली. सलमाच्या पोटात दुखत होतं. हे दुखणं डॉक्टरला दाखवायची सोय नव्हती.

"जरा घट्ट हाय न्हवं?" मुबशिरानं दुकानदाराला विचारलं.

दुकानदार आकारामनं आयुष्यात समुद्र बघितला होता तो गुडघाभर पाण्यात उभं राहून. पण माणूस पडला कोल्हापूरचा. पायात घालायच्या वस्तूबद्दल तो गप्प बसतोय होय?

"घट्टच घ्यायचं, ताई. पायताण पैलं आठ दिवस चावाय पायजे. मग पायाचं हुतंय. सैल घेतलं की गेलंच!"

या गावात हे शेंबडं पोरही सांगेल. चामडं वापरून सैलावतं, पायाचा आकार घेतं. रबर घेत नाही. सलमाला ते ठाऊक होतं. पाण्यात जाता येत नव्हतं, पण मोबाइलवर बघायला तिला कोण अडवणार? धाकटीपेक्षा तिनंच जास्त बघितलं होतं. सुटासोबत पायात रबरी बूट असतात. खडकांवरून उतरायचं म्हटल्यावर ते लागतातच, आणि फिन त्या बुटांवरून चढले पाहिजेत. मुबशिराचे बूट तर तिच्या पिशवीत, सुटाच्या घडीखाली. आणि ही खुळी उघड्या पायाचं माप देत बसली होती. शिवाय त्या सुटात माणूस बुचासारखा वर येतो. असल्या हलक्या फिननी पाय आणखीनच वर उचलले असते.

"आपा, तू सांग. तू म्हणशील ते."

सलमानं पिशवीकडं बघितलं नाही. "चांगलं हाय की. घे."

"आपा म्हटली म्हंजे झालं. हेच द्या, मामा."

सलमाला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, चांगलंच बरं वाटलं. तिला सगळं समोर दिसत होतं. बाकीचे पाण्यात उतरायला तयार, हिचा बूट फिनात जाईना, शिकवणारा वैतागलेला. मग पिशवी उचलून ही परत हुपरीला. पैंजणांच्या ढिगापुढं, सलमाच्या शेजारी.

आकाराम खोकं शोधायला आत वळला. मुबशिरानं जोर लावून फिन ओढून काढले. टाचेवर लाल रेघ उठली होती. तिनं ती अंगठ्यानं चोळली आणि कुणी बघायच्या आत चपलेत पाय सरकवला.

सलमानं ते बघितलं. समोरचं चित्र तिथंच फिसकटलं. ही परत येणारी पोरगी नव्हती. बूट फेकून देईल, उघडे पाय कोंबेल, पोटऱ्यांत गोळे आले तरी हूं की चूं करणार नाही. आणि पाण्याखाली कुणाला हाक मारायचीच म्हटली, तर तोंडात नळी.

"बूट काढ!" सलमा ओरडली. आकाराम खोकं घेऊन तसाच थांबला.

"आता काय झालं?"

"पिशवीतलं बूट काढ म्हणते न्हवं. आन् मामा, ते काळं द्या. जड हाय ते, मागं पट्टा हाय बघा. दोन नंबर मोठं."

"सैल हुतंय ते, ताई."

"हुदे. रबर हाय, चामडं न्हवं."

सलमा फरशीवर बसली. बहिणीचा पाय मांडीवर घेऊन तिनं बूट चढवला, त्यावर काळा फिन सरकवला, टाचेमागचा पट्टा ओढला, जरा जास्तच ओढला, मग पुन्हा थोडा सैल केला. दुसऱ्या पायालाही तसंच.

"बोटं हलत्यात?"

"हलत्यात." मुबशिरा खाली तिच्याकडं बघत राहिली. "मघाशी तर घे म्हटलीस, आपा."

"मघाशी तुला जमू नये असं वाटत हुतं."

आकारामनं खोकं हळूच काउंटरवर ठेवलं.

"आन् आता?" मुबशिरानं विचारलं.

"आता बी तसंच वाटतंय." सलमानं गुडघ्यावर हात टेकला आणि उठली. "ऊठ. मागं मागं चालून बघ. ह्यात पुढं चालता येत न्हाई."

मुबशिरा उठली. सलमाकडं तोंड करून, एकेक पाऊल मागं टाकत, ती दाराच्या उजेडाकडं जाऊ लागली.