पुन्हा लावलेली नळी

वीस वर्षं लॅबमध्ये रक्त तपासणाऱ्या ताईंनी आज लेकीच्याच रक्ताची नळी मशीनला लावली. सातव्या महिन्यात तिचं प्रेशर एकदाच चढलं, म्हणून डॉक्टरांनी ही तपासणी सांगितली. बाळाला पोसणाऱ्या वारेचं दुखणं त्रास जाणवण्याआधी रक्तात कळतं. आकडा अडतिसाच्या आत हवा होता, आला एकशेचार. आवडला नाही म्हणून आकडा पुन्हा काढायचा नसतो, असं नव्या पोरींना त्याच बजावत. तरी नळी परत लावून त्या मशीनला लागणारी अठरा मिनिटं स्टुलावर बसून राहिल्या. “मशीनला आईची माया कळत नाही, ताई,” सहकारीण हळूच म्हणाली. एकशेसहा आला. डॉक्टरांना कळवून त्यांनी लेकीला फोन लावला. “अगं आई, मी ठणठणीत आहे,” लेक हसली. “असू दे. दवाखान्याची बॅग भर. बाळाचीही.” “त्याला अजून दोन महिने आहेत ना?” ताईंनी मशीनकडे पाठ केली. “भर, बाळा,” त्या म्हणाल्या.