खालच्या बारमधले श्रोते

कोर्फू सोडल्यापासून जहाजाचा खालचा बार रोज संध्याकाळी गच्च भरत होता, आणि टाळी मात्र एकही पडत नव्हती.

यागोदा मारुशिचने गाणं संपवून मान लववली. समोर माणसं डोळे मिटून बसली होती. काहींची बोटं खुर्चीच्या हातांवर आवळलेली होती. पुढच्या टेबलाशी एक पोक्त गृहस्थ मान मागे टेकून, ओठ घट्ट दाबून बसला होता. त्याच्या गालावरून एक थेंब ओघळला.

"पुढचं कुठलं?" पियानोवरून गेरासिमोसने हळूच विचारलं.

"याहून संथ," ती म्हणाली. "त्यांना संथच हवंय."

त्याआधी हंगामभर या बारमध्ये फक्त धुलाईखान्याची वाट चुकलेले प्रवासी डोकावत. म्हणूनच पिरेअस बंदरात मनोरंजनाचा व्यवस्थापक एन्नियो याने तिला सांगून टाकलं होतं, की त्रिएस्तला तिचा करार संपेल आणि पुढे बारमध्ये यंत्रावरचं संगीत लागेल. त्रिएस्तहून पुढे रियेकाला तिची एक भाड्याची खोली होती. तिथे तिची वाट पाहणारं कुणी नव्हतं, आणि जमिनीवर तिला धड झोपही लागत नसे. वीस वर्षं तिने जहाजांवर काढली होती. घर म्हणावं असं तिच्यापाशी जे काही होतं, ते एवढंच.

कार्यक्रमानंतर तिने एन्नियोला जिन्याशी गाठलं. तो कठड्याला टेकून लिंबाची फोड चोखत होता.

"बघितलंत ना?"

"बघितलं. बार भरलाय."

"तरी मला त्रिएस्तला उतरवणार?"

"बाई, हवेपायी कोतोरचा थांबा रद्द झाला. लोक जाणार कुठे?"

"का? वर जादूगार आहे, नाचाचं दालन आहे, जुगाराची टेबलं आहेत. तिकडे का जात नाहीत? परवा तर जादूगाराने रिकाम्या खुर्च्यांपुढे कबुतर काढलं म्हणे."

एन्नियोने डोळे मिटून घेतले. त्याला वाद घालायची इच्छा दिसत नव्हती. "बरं बाई, जिंकलात. राहा. भरलेला बार मी कशाला बंद करू? हिवाळ्यापर्यंत गा इथेच."

हवं ते मिळालं होतं. तिथेच थांबायला हरकत नव्हती. पण यागोदा थांबली नाही.

"बार भरलाय म्हणून नको. माझं गाणं ऐकायला येतात म्हणून काम द्या."

"त्यात फरक काय?"

"तो उद्या कळेल. मला वरचं, पुढच्या टोकाचं मोठं दालन द्या. हीच माणसं तिथे आली, तर येणारा अख्खा हंगाम माझा."

"आणि नाही आली तर?"

"तर त्रिएस्तला माझी बॅग मी स्वतः उचलेन."

"तुमची मर्जी," एन्नियो म्हणाला आणि घाईघाईने निघून गेला.

गेरासिमोसने हे ऐकलं तेव्हा पियानोचं झाकण आपटलं. "बाईसाहेब, पैज लावायची एवढीच हौस होती, तर जुगाराची टेबलं मोकळी पडलीयत की! खाली बरं चाललंय आपलं. कशाला वर तडमडायचं?"

"तुला हेवा वाटतो. ते तुझं वाजवणं ऐकत नाहीत."

"माझ्या घरात माझं कुणी ऐकत नाही. मला सवय आहे. तुम्हाला नाही."

दुसऱ्या दिवशी ध्वनिक्षेपकावरून तीन भाषांत सांगण्यात आलं, की आज यागोदा मारुशिच वरच्या मजल्यावर, पुढच्या टोकाच्या दालनात गातील. बारमध्ये कधीच न वापरलेला हिरवा झगा तिने बाहेर काढून घातला. दालनात तांबड्या मखमलीच्या खुर्च्यांच्या रांगा होत्या. झुंबराचे लोलक एका लयीत किणकिणत होते. तिला ते शुभ वाटलं.

वेळ झाली. कुणी आलं नाही.

एन्नियोने दारातून डोकं आत घातलं, खुर्च्यांवर नजर फिरवली आणि दार लावून घेतलं.

"वाजव," यागोदा म्हणाली.

"कुणासाठी?"

"वाजव म्हणते ना."

ती पूर्ण गाणं गायली. गेल्या कित्येक वर्षांत ती इतकं चांगलं गायली नव्हती. शेवटचा सूर विरला आणि मग तिच्या मनात आलं: लोक सवयीने खालीच गेले असणार. तिथे बसून आपली वाट पाहत असतील! झग्याचा घोळ मुठीत धरून ती जिने उतरत सुटली. कठड्याला हात लावायची तिला गरज पडली नाही.

बार गच्च भरलेला होता. मंचावरचा दिवा विझलेला होता, पियानो बंद होता. तीच माणसं, त्याच खुर्च्या, तसेच मिटलेले डोळे. पुढच्या टेबलाशी तो गृहस्थ तसाच मान मागे टेकून बसला होता. रिकाम्या मंचासमोर तशीच तल्लीन शांतता होती.

दाराजवळच्या म्हातारीपाशी ती वाकली. "मी वर गात होते."

म्हातारीने एक डोळा उघडला. "हो का? माफ करा हं बाई. इथे रोज कुणीतरी गातं खरं. आज नाही, तर जरा बरं वाटतंय." तिने बाजूला सरकून जागा केली. "बसा. डोळे मिटा आणि अजिबात हलू नका. बोट लागलेल्या आम्हा सगळ्यांना डॉक्टरांनी इथेच बसायला सांगितलंय."

कोर्फूपासून दक्षिणेचा वारा सुटला होता. अशा वेळी लाटांवर जहाजाची टोकं उचलतात आणि आदळतात, पण तळाकडचा मधला भाग सर्वांत कमी हलतो. बार नेमका तिथे होता, आणि वीस वर्षं समुद्रावर काढलेल्या यागोदाला जहाज हलतंय हे जाणवतच नव्हतं.