दराची पाटी

"त्या भिंतीला खिळा ठोकायचा नाही," डॉ. लक्ष्मणराव म्हणाले.

तृप्तीने हातोडी टेबलावर ठेवली. पवनीतला हा दवाखाना आता सूनच चालवत होती, पण नोंदणी अजून सासऱ्यांच्या नावावर होती. त्यांच्या सहीवाचून पान हलत नव्हतं, आणि सोमवारी तपासणी होती.

"बाबा, नियमच आहे तो. तातडीच्या उपचारांचे दर दर्शनी भागात लावावेच लागतात. पाटी नसेल तर नोंदणी अडेल. मग अपघाताचे, सापाचे पेशंट घ्यायचे कसे?"

"दवाखाना आहे हा. खानावळ नाही दर लावायला."

त्यांनी दवाखाना उघडला तेव्हा सुया स्टोव्हवर उकळायच्या. लाल औषधाच्या बाटलीवर डोसांची कागदी पट्टी डकवायची, आणि समोरच्या चिंचेखाली बैलबंड्या सुटायच्या. पैशाचं कोणी बोलत नसे, आजाऱ्यासमोर तर नाहीच. धान घरात आलं की कोणी नवे तांदूळ आणून द्यायचं, कोणी तलावातले शिंगाडे. ज्याच्याकडे काहीच नसे तो हात जोडायचा, आणि तेवढ्यावर भागायचं. ते दिवस आठवले की लक्ष्मणराव हातातलं काम सोडून सांगत बसायचे. आता ते रोज चहाच्या वेळी आठवायचे आणि घरात सगळ्यांना पाठ झाले होते, ही गोष्ट वेगळी.

"पाटी नव्हती, तरी माझ्या दारातून आजारी माणूस कधी परत गेला नाही," ते म्हणाले. "विश्वास नसेल तर देवाजीला विचार."

देवाजी नेहमीप्रमाणे चिंचेखालच्या दगडावर बसला होता. शेजारच्या गावचा म्हातारा. शेती पोरांच्या हाती दिल्यापासून तो सकाळच्या एसटीने यायचा आणि संध्याकाळच्या एसटीने परत जायचा. फाटकाशी एखादी गाडी थांबून घुटमळली की उठायचा, नातेवाइकांच्या खांद्यावर हात ठेवून काहीबाही बोलायचा आणि दाराकडे बोट दाखवायचा. दवाखान्यातून त्याला रोज चहा जाई. तो मात्र बाहेरच प्यायचा. पायरी म्हणून कधी चढला नाही.

मधूनच तो तृप्तीला गाठून विचारायचा, "बाई, सलाईनचा काय भाव चालू हाय आता? अन् ऑक्सिजनचा?" ती हसून सांगायची. लक्ष्मणरावांना हा भोचकपणा वाटे, पण म्हाताऱ्याला घरी करमत नसेल म्हणून ते सोडून देत. कधीतरी आपणच याचा जीव वाचवला असणार, नाहीतर इतकी माया कोण करतं? कोणत्या दुखण्यातून वाचवला, ते मात्र त्यांना आठवत नव्हतं, आणि विचारायची लाज वाटत होती.

त्यांनी हाक मारली तसा देवाजी पायरीखाली येऊन उभा राहिला.

"देवाजी, तूच सांग आमच्या सूनबाईला. एवढी वर्षं पाहून राहिला तू. पाटीची काही गरज आहे का इथे?"

देवाजीने टेबलाला टेकवलेल्या पाटीकडे पाहिलं. खिशातून चष्मा काढला. मग चपला खाली सोडून पायरी चढला आणि प्रत्येक अक्षराखाली बोट फिरवत वाचू लागला.

"तातडीचा रुग्ण... आधी उपचार... पैसे नंतर." बोट थांबलं. त्याने तीच ओळ पुन्हा वाचली. खालचे दरही वाचले, आणि चष्मा पुसायला लागला.

"लावा, सायेब," तो म्हणाला. "पण आत नोका लावू. फाटकातून दिसन अशी लावा."

लक्ष्मणराव दुखावले. "तूसुद्धा? अरे, त्या काळी कोणाला भाव विचारायची गरज तरी पडली का? काहून पाहिजे तुले पाटी?"

देवाजी हातोडी उचलून त्यांच्या हातात देत म्हणाला, "आता मले रोज यावं नाही लागन."

"पण तू येतोस तरी कशाला?"

"बंडी फिरवणाऱ्याले थांबवाले. आजाऱ्यासमोर पैशाची गोष्ट काढत नाहीत न आमच्यात, सायेब. कोणी इचारत नाही, नुसते फाटकापासून मागं फिरतात." त्याने चिंचेकडे पाहिलं. "माही लेक मालन बंडीत निजली होती, तठीच, त्या झाडाखाली. मी तुमची चकचकीत फरशी पायली, अन् बैलं घराकडं वळवले. पोरगी घरापर्यंत पोचली नाही."